साडूच्या बोटीचं माप

गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठची ती जमीन मी शोधली होती, एवढं आधीच सांगून ठेवतो. बाकी सगळं त्याच्या नंतरचं आहे.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. कुठलं जुनं घर पाडायला काढलं की पाडणाऱ्यांच्या आधी मी तिथं हजर. चौकटी, तुळया, पितळी कड्या, गज, सगळं उचलायचं, घासून-पुसून ठेवायचं आणि नवे बंगले बांधणाऱ्यांना 'अँटिक' म्हणून विकायचं. चांदवडकडच्या खेड्यातून नाशकात आलो तेव्हा अंगावरचे कपडे सोडले तर माझ्याकडे जीभच होती. जे उभं राहिलं ते तिच्यावर. समोरच्याने भाव सांगितला की माझ्या अंगात बळ येतं. भाव रास्त असला तरी तो तसाच मान्य करणं मला जमत नाही. हॉटेलात पोहे मागवले तरी मी "कांदा जास्त टाक" एवढं तरी पदरात पाडून घेतोच.

जमिनीच्या मालकाकडे मी साडूला सोबत नेलं, ती माझीच चाल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पुण्यात वाढलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर, बोलणं मऊ. असा माणूस शेजारी बसवला की मालक जरा सांभाळून बोलतो. मी चकरा मारत होतो, मालक हळूहळू खाली उतरत होता. आणखी एका चहात तो माझ्या भावाला आला असता. तेवढ्यात साडू एकटाच गेला, आणि मालकाने पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा कबूल करून आला.

मला म्हणाला, "साडूभाऊ, तुमचं काही जुळेना. म्हटलं घेऊन टाकू. आपल्यातच राहिली की नाही?"

आपल्यातच! तेव्हापासून दर सणाला मी आपल्याच जमिनीवर पाहुणा म्हणून जातो.

तिथं त्याने घर बांधलं, हिरवळ केली, आणि एका थंडीत मुंबईहून ट्रकवर घालून एक पांढरी शिडाची बोट आणली. तीन माणसांपुरती. कॉलेजात असताना खडकवासल्याला शिकला होता म्हणे. पहिल्या रविवारी सगळ्यांना आळीपाळीने फिरवायला निघाला, तेव्हा मी पोट बिघडल्याचं सांगून खुर्चीत बसून राहिलो. बायको मात्र बसली. मला वाटलं होतं घाबरेल, काठ धरून बसेल, आल्यावर म्हणेल की नको बाई. ती आली ती केस विस्कटलेले, ओचा भिजलेला, आणि चेहरा असा की तसा मी लग्नानंतर फार कमी वेळा पाहिलेला.

"अहो, मला सुकाणू धरायला दिलं दाजींनी!"

"बरं," मी म्हणालो.

मग तिला दर रविवारचा नाद लागला. ताईकडे जाऊन येते म्हणायची आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, किनाऱ्यावर पुस्तक वाचत बसायची, कारण तिला पाण्याची भीती. बोटीत साडू आणि माझी बायको. संशय घ्यावा असं त्यात काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, घर डोक्यावर घेता आलं असतं. इथं भांडायचं कशावर? ती आनंदात होती आणि तो आनंद दुसऱ्याच्या दुकानातून आलेला होता.

आमच्या दुकानात ती माझ्या बाजूला बसते. गिऱ्हाईक नरम पडलं की ती खोकते, मग मी भाव सोडत नाही. इतकी वर्षं आमचं हे चालत आलेलं. एकदा मुंबईचं एक जोडपं एका दाराला हात लावून उभं होतं, पुरुष विरघळलेला होता, बाई अडून बसली होती, अगदी खोकायची वेळ. मी बायकोकडे पाहिलं तर ती समोरच्या शेडवरच्या फडफडणाऱ्या ताडपत्रीकडे बघत होती.

"आज वारा पश्चिमेचा आहे," ती म्हणाली.

"पश्चिमेचा?" मुंबईच्या बाईने विचारलं, आणि दोघी वाऱ्यावर बोलायला लागल्या. दार गेलं ते पडत्या भावात गेलं.

घरी कपडे वाळत घालायची दोरी ती आता वेटोळी करून ठेवायची, सगळी वेटोळी एकसारखी, शेवटी एक गाठ मारून. साडूच्या बोटीतल्या दोऱ्या तशाच असतात. एके दिवशी ती दोरी मी उचलून मोरीत फेकली. तिने ती उचलली आणि पुन्हा तशीच गुंडाळली.

तेव्हाच ठरवलं. होडी बांधायची. त्याची विकतची, माझी हातची. आणि माझी बायको माझ्या होडीत बसेल.

साडूला काही विचारणं शक्यच नव्हतं. मोबाईलवर एका परदेशी म्हाताऱ्याचे होडी बांधण्याचे व्हिडिओ सापडले. होडी वल्ह्यांची होती, पण म्हटलं सांगाडा तो सांगाडा. शिडाचं काय ते साडूच्या बोटीवरून उचलू. माप मात्र घ्यायला हवं.

धंद्यात मी कधीच टेप काढत नाही. टेप बाहेर आली की मालकाला कळतं, हा घेणारच, आणि भाव चढतो. म्हणून मी सहज हात ठेवल्यासारखं करतो आणि वितीने मोजतो. माझी वीत किती इंचांची हे मला पाठ आहे, बाकी कुणाला नाही. साडूकडे सत्यनारायण होता तेव्हा हीच विद्या कामाला आली. आरती सुरू झाली, सगळे आत टाळ्या वाजवत उभे, आणि मी मागच्या बाजूने उतरून काठावर. बोट पाण्याबाहेर काढून वर कव्हर बांधून ठेवलेली. कव्हराखाली हात घालून मोजत गेलो. लांबी, रुंदी, काठाची उंची, डोलकाठीचं भोक नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, किती विती. मध्ये तळावर एक उभी, अरुंद पेटी लागली, चार बोटं रुंद, वरून झाकण घट्ट बसवलेलं. लाकडातला माणूस मी. लगेच ओळखलं की तळाला बळकटी यावी म्हणून मधे आधार ठोकलेला आहे. आत आरती संपत आली होती. तिचीही लांबी मोजली आणि हात पुसत प्रसादाला जाऊन बसलो.

साडूने विचारलं, "कुठं होतात?"

"फोन आलेला," मी म्हणालो आणि शिरा मागून घेतला.

गोडाऊनच्या मागच्या शेडमध्ये काम सुरू केलं. दुकान बंद झालं की तिथं. मी आयुष्यात असंख्य दारं विकली, पण फळी वाकवायची कशी हे मला ठाऊक नव्हतं. प्लायवूड नाळेकडे वळवायला गेलो की सुटून थोबाडात बसायचं. शेवटी गरम पाण्यात भिजवलेली पोती त्याच्यावर टाकून, दोरीने आवळत आवळत, शिव्या देत देत आणलं एकदाचं जागेवर. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे असतात, गोधडी शिवावी तसे, आणि मग त्यावर डिंकासारखं रसायन लावायचं. ते मी मोठ्या डब्यात घेतलं, कारण मोठ्या डब्याला सूट होती, आणि सगळं एकदम कालवून ठेवलं. मी फळीचं टोक नीट करेपर्यंत ते तापलं, धुरावलं आणि डब्यासकट दगड झालं. तो डबा अजून शेडमध्ये आहे. तेव्हापासून वाटीभरच कालवतो.

नुसत्या प्लायवूडवर मात्र माझं मन मानेना. माझ्या गोडाऊनात जुनं सागवान पडलेलं असताना? आतले आडवे आधार, काठावरची पट्टी, बसायची फळी, हे सगळं मी एका जुन्या दुकानाच्या चौकटीतून काढलं. रंधा मारला की असा रंग निघाला की हात फिरवत बसावंसं वाटलं. साडूच्या पांढऱ्या बोटीत असं काय आहे? बादलीला असतं ते प्लास्टिक.

डोलकाठीला सुरगाण्याकडून येणारा बांबू घेतला. शिडासाठी द्राक्षबागेवर घालतात तो कव्हरचा प्लास्टिकचा कागद हवा होता. पिंपळगावच्या बाजूला एक बागाईतदार जुना कागद काढणार असं कळलं, तिकडे गेलो. कागदाचा मळका भाग पुढे धरून, दोन ठिकाणी फाटलंय हे दाखवून, नाक मुरडून झालं. मग त्याने विचारलं, "कशाला पायजे?" मी खरं सांगून बसलो. पहिली चूक.

"शिडाला? मंग तर जास्तच द्या की दादा," तो म्हणाला. "ह्यो कागद माझ्या बागेवरनं दोनदा उडून गेलाय. वारा धरायची लय सवय हाय त्याला."

त्याची बायको ओट्यावर लसूण सोलत हसत होती. मी एवढा हरलेला सौदा बऱ्याच वर्षांत केला नव्हता. ताडपत्री शिवणाऱ्याकडून कडा दुमडून, पितळी कड्या ठोकून घेतल्या आणि शीड तयार झालं.

राहिली ती मधली पेटी. साडूच्या बोटीतली ती अरुंद पेटी मला वाया गेलेली जागा वाटत होती. बळकटी हवी तर हवी, पण आत काही ठेवता का येऊ नये? मी माझी पेटी चांगली रुंद केली. त्यात स्टीलचा तीन पुडांचा डबा उभा बसायचा, बाजूला पाण्याची बाटली. वरती सागवानी झाकण, त्याला पितळी बिजागऱ्या. सगळ्या होडीत मला त्या पेटीचा सर्वांत अभिमान होता. साडूला सुचलं नव्हतं ते मला सुचलं होतं.

एका दुपारी बायको चहा घेऊन शेडमध्ये आली. ती येत नसे फारशी. होडीभोवती फिरली, काठावरून बोट फिरवलं. मी पाठमोरा घासत होतो, पण कान तिच्याकडे.

"सुंदर झालंय हो," ती म्हणाली. माझा हात थांबला. मग तिने पेटीचं झाकण उघडलं, आत हात घातला, तळ चाचपला. "याला खाली फट नाही?"

"होडीच्या तळाला फट? मला बुडवायचा विचार आहे का?"

"तसं नाही, पण दाजींच्या बोटीत त्या फटीतून—"

दाजी हा शब्द त्या शेडमध्ये आला आणि माझं टाळकं फिरलं. "दाजींच्या बोटीत जाऊन बस मग! चार रविवार काय बसून आलीस, मला होडी शिकवतेस? लाकूड मी ओळखतो का तुझे दाजी?" हातातला पॉलिश पेपरचा ठोकळा मी भिरकावला. तो कुठल्याशा दाराच्या काचेवर गेला.

तिने चहा फळीवर ठेवला आणि गेली. त्यानंतर पेटीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला होडी पिकअपमध्ये घालून धरणावर नेली. साडूच्या काठाला नाही, समोरच्या, पश्चिमेकडच्या काठाला. बायकोने नाळेला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, माझ्या अंगात लाइफ जॅकेट घालून त्याचे बंद स्वतः ओढून बांधले. डबा पेटीत ठेवला. त्यात तिने मेथीचे थेपले आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, दोघांना पुरतील एवढे. मी हात पुढे केला.

"चल, बस."

"आधी तुम्ही जाऊन या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आधी तुम्ही जाऊन या."

त्याच्या बोटीत पहिल्याच दिवशी, एका शब्दाने बसली होती. मी वल्ही पिकअपमध्येच ठेवली. शिडाची होडी आहे, वल्ही कशाला? रागाने होडी काठापासून ढकलली आणि शीड ओढून घेतलं.

कागदाने वारा धरला. त्या बागाईतदाराचं खरं होतं. होडी तरंगली, एक थेंब आत आला नाही, सागवान उन्हात चमकत होतं, आणि क्षणभर मला वाटलं की झालं, जिंकलो. काठाकाठाने जाऊन एक वळसा घालायचा आणि तिला घ्यायला परत यायचं असा बेत होता. नाळ मी काठाला समांतर धरली. होडी मात्र आडवी निघाली. तोंड उत्तरेला, चाल पूर्वेला. सुकाणू इकडे दाबलं, नाळ वळली, होडी पूर्वेलाच. तिकडे दाबलं, तेच. घसरगुंडीवर बसवलेल्या पोरासारखा मी वाऱ्याच्या पुढे सरकत होतो. शीड उतरवलं तर नुसता बांबू आणि माझं अंग वारा धरायला पुरेसं होतं. हाताने पाणी मारून पाहिलं. बसायची फळी उपटून वल्ह्यासारखी वापरावी म्हटलं तर मीच ती इतकी पक्की ठोकलेली की हलेना.

मागे वळून पाहिलं. बायको काठावर उभी, कानाला फोन.

पूर्वेच्या काठाला काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. हिरवळ दिसायला लागली, पांढरी बोट दिसायला लागली, मग मेहुणी दिसली, तिच्या हातात ट्रे. साडू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरून माझी वाट बघत उभा होता.

"या साडूभाऊ, या! आत्ताच फोन आला, तुम्ही इकडे येताय म्हणून."

"येत नव्हतो," मी म्हणालो. "आलोय."

त्याने नाळ धरून होडी चिखलावर ओढली. तो हसला नाही, आणि हेच मला सहन झालं नाही. हसला असता तर मला दोन शब्द सुनावता आले असते. तो सागवानावरून हात फिरवत राहिला. "काय काम केलंय हो! हे बाजारात मिळणार नाही." मग आत वाकला. "अन् बोर्ड कुठंय?"

"कसला बोर्ड?"

"मधली फळी. पेटीतून खाली पाण्यात सोडायची ती. तिच्यामुळे तर होडी आडवी घसरत नाही." त्याने बिजागऱ्यांचं झाकण उचललं, आणि आतून स्टीलचा डबा वर काढला. दोन्ही हातांत धरून तो त्या डब्याकडे बघत राहिला. "हे काय?"

"थेपले," मी म्हणालो.

मेहुणीने ट्रे गवतावर ठेवला आणि तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते.

सत्यनारायणाच्या दिवशी त्याची फळी पेटीबाहेर काढून घरात ठेवलेली असणार. आणि मी पेटी पाठ करून घेऊन आलो होतो. हे मी तिथं बोललो नाही, बोलणारही नव्हतो. चहा नको म्हणालो. होडीच्या काठावर बसून राहिलो. ती जमीन, ते गवत, तो काठ, सगळं माझ्या नजरेचं, आणि मी तिथं लाइफ जॅकेट घालून बसलेला.

बायको पिकअप घेऊन धरणाला वळसा घालून आली. उतरणीवरून खाली येताना तिने एका नजरेत सगळं पाहिलं: मी, साडूच्या हातातला डबा, बहिणीचा पदर. साडू तिच्याकडे वळला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आज मान्य करतो, पण तेवढंच.

"अगं, तू तर इतक्या वेळा बोर्ड खाली सोडलायस. यांना सांगितलं नाहीस?"

मी पायाखालच्या चिखलाकडे बघत होतो. शेडमधली ती दुपार, फुटलेली काच, फळीवरचा चहा, सगळं आता तिच्या तोंडून इथं, या काठावर, या माणसासमोर बाहेर पडणार होतं. तिला पूर्ण हक्क होता. मी तिच्या जागी असतो तर सोडलं नसतं.

"मीच म्हटलं होतं त्यांना, पेटी मोठी करा म्हणून," बायको म्हणाली. "डबा सांडतो हो दाजी, तुमच्या बोटीत. फळी नंतर बसवायचीय."

"पण मग तळाला—"

"नंतर बसवायचीय," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून डबा काढून घेतला.

दुकानात हा सूर मला माहीत आहे. त्यानंतर गिऱ्हाईक भाव करत नाही. साडूनेही केला नाही. त्याने होडी पिकअपवर चढवायला हात लावला, मी लावू दिला.

परतीच्या वाटेवर मी लाइफ जॅकेटचे बंद सोडले. मग म्हणालो, "थेपले सादळले असतील."

"मी पुढे बसणार नाही," ती म्हणाली. "सुकाणूला बसेन. तळ कापाल तेव्हा सांगा."

चांगल्या झालेल्या तळाला करवत लावली. पेटीत दोन्ही बाजूंनी सागवानी पट्ट्या घालून ती अरुंद केली, खाली फट पाडली, कडांना पुन्हा रसायन. फळीचं माप मी साडूला विचारलं नाही. बायकोने विचारलं, फोनवर, माझ्यासमोरच, आणि तेवढा वेळ मी उगाच रंधा मारत राहिलो. पण आकडे ऐकले.

मग एका रविवारी ती माझ्या होडीत बसली. पदर खोचलेला, डोक्यावर टोपी, हात सुकाणूवर, मी पुढच्या फळीवर, मांडीवर डबा, कारण पेटीत आता जागा नव्हती. फळी खाली सोडली आणि होडीने पाण्यात पाय रोवल्यासारखं केलं. ती सरळ गेली, वाऱ्याच्या तिरकी, पश्चिमेकडे. मी बांधलेली होडी, माझी बायको, माझं सागवान. मागे साडूच्या काठावर कुणीतरी हात हलवत होतं, मी तिकडे पाहिलं नाही.

मग वळायची वेळ आली. वळताना शिडाखालचा आडवा बांबू या बाजूचा त्या बाजूला झपकन येतो. बायकोने सुकाणू दाबलं आणि मोठ्याने म्हणाली, "मंडळी, माथे सांभाळा!"

होडीत आम्ही दोघं. मंडळी कोण?

"हे कुठलं?" मी विचारलं.

"दाजी असंच म्हणतात वळताना."

मी वाकलो नाही. बांबू आला आणि खांद्यावर बसला, असा की डबा पाण्यात जाता जाता वाचला.

"लागलं का?" ती म्हणाली.

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग शिडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वारा चांगला होता. काही वेळाने तिने पुन्हा सुकाणूवर हात घट्ट केला.

"वाका," ती म्हणाली.

मी वाकलो.